जंताचं औषध देऊनही जंत जात नाहीत? मग हे करा

औषध पाजलं तरी शेळी खंगतच चाललीय, जबड्याखालची सूज उतरत नाही, तर लगेच दुसऱ्या कंपनीची बाटली आणू नका, आधी आतल्या औषधाचं नाव वाचा. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच गटातली, एकाला जंत दाद देत नसतील तर दुसऱ्यालाही सहसा देत नाहीत. लिव्हामिसॉल वेगळा गट, आयव्हरमेक्टिन वेगळा.

पण रेझिस्टन्स, म्हणजे जंतांनी औषधाला न जुमानणं, आहे का ते तपासल्याशिवाय कळत नाही. डोस द्यायच्या दिवशी दहाएक जनावरांच्या ताज्या लेंड्या लॅबला द्या, अंडी मोजून घ्या आणि 10 ते 14 दिवसांनी त्याच जनावरांच्या परत द्या. अंडी 95 टक्के तरी कमी व्हायला हवीत, तेवढी झाली नाहीत आणि डोस नीट गेला होता तर औषध लागू पडत नाहीये असं समजा.

डोस नीट म्हणजे काय, तर वजन करून, नजरेच्या अंदाजाने नाही, कारण अर्धवट डोसातून जे जंत वाचतात त्यांचीच पिल्लावळ पुढे वाढते. शेळीच्या शरीरातून औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जातं, तिला मेंढीचा डोस बऱ्याचदा कमीच पडतो, किती द्यायचा ते डॉक्टरांनाच विचारा.

आणि कृपा करून सगळ्या कळपाला तारखेवर औषध पाजणं थांबवा! थायाबेंडाझोल हे जंताचं औषध 1961 ला आलं आणि 1964 पर्यंत मेंढ्यांतले जंत त्याला जुमानत नसल्याच्या नोंदी आल्या, इतकं हे पटकन होतं. रक्त पिणाऱ्या जंतासाठी खालची पापणी उलटून रंग बघा, लालबुंद असेल तर राहू द्या, फिकट पांढरी असेल तिलाच द्या. बिनऔषधाच्या जनावरांतले जंत कुरणात शिल्लक राहतात, त्यांच्यावर अजून औषध चालतं, म्हणून ते राहिलेलेच बरे. नवीन आणलेलं जनावर मात्र वेगळं बांधा, औषध द्या, लेंड्या तपासा, मगच कळपात सोडा.

कुत्र्यांत हुकवर्मचं, म्हणजे आतड्यात रक्त पिणाऱ्या जंतांचं, असंच व्हायला लागलंय, अमेरिकेत रेसच्या ग्रेहाउंडमध्ये तीन-तीन गटांच्या औषधांना न जुमानणारे जंत सापडलेत. तरी प्रत्येक वेळी रेझिस्टन्सच असतो असं नाही, स्नायूंत दडलेल्या अळ्या नंतर आतड्यात येतात आणि शीमध्ये परत अंडी दिसतात. त्यामुळे इथेही औषधाआधी आणि नंतर शी तपासायची, आणि ती रोज उचलायची. जनावरांचं आयव्हरमेक्टिन कुत्र्याला अंदाजाने कधीच देऊ नका, कोलीसारख्या जातींचा त्याने जीव जाऊ शकतो.