रेंज फुल्ल, तरी कॉल तुटतोय

नेटवर्किंगमध्ये नव्याने येणाऱ्यांनी मला विचारलं की वायफायचं काम कुठून शिकू, तर मी आधी एकच गोष्ट सांगतो: फोनवरची रेंज बघून निदान करायचं नाही. माझी पहिली मोठी चूक तिथेच झाली होती.

काम तीन मजल्यांच्या ऑफिसचं होतं. व्हिडिओ कॉल तुटतात अशी तक्रार होती. मी जास्तीचे ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल देणाऱ्या पेट्या) लावले, सगळ्यांची पॉवर कमाल केली, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारच्या दोन एपींना कधीच एक चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातला एकच तुकडा, मिळू नये म्हणून १, ३, ६, ९, ११ असे पाच चॅनेल वाटून दिले. कागदावर नकाशा फार नीट दिसत होता. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टेबलाशी रेंज फुल्ल होती आणि तक्रारी दुप्पट झाल्या.

सोबतच्या सीनियरने लॅपटॉप मॉनिटर मोडला टाकला, म्हणजे हवेतली सगळी वायफाय वाहतूक ऐकायला लावला, ती वाचून दाखवणारं वायरशार्क उघडलं आणि फ्रेममधला (फ्रेम म्हणजे डेटाचं एक पाकीट) 'हे पुन्हा पाठवलंय' सांगणारा रिट्रायचा बिट दाखवला. बऱ्याच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवल्या जात होत्या. हवेत वेळच शिल्लक नव्हता.

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. २.४ मध्ये दोन लागोपाठच्या चॅनेलचे मध्यबिंदू ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात, पण सिग्नल जागा व्यापतो साधारण २० मेगाहर्ट्झ. म्हणून १, ६, ११ हेच एकमेकांना न भिडणारे तीन. आता दोन एपी एकाच चॅनेलवर असतील, तर ते एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि थांबतात. उणे ८२ डीबीएम (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण) इतका क्षीण सिग्नलसुद्धा वायफायचा म्हणून ओळखला गेला की समोरचा गप्प बसतो. वेग विभागला जातो, पण शिस्त राहते. एपी १ आणि ३ वर असतील तर मात्र शेजाऱ्याचं बोलणं शब्द म्हणून कळत नाही, नुसता गोंगाट म्हणून पोचतं. आणि नुसत्या गोंगाटासाठी थांबण्याची मर्यादा उणे ६२ डीबीएम आहे. वीस डीबीचा फरक, म्हणजे शंभरपट. त्यापेक्षा कमी गोंगाट असला की एपीला वाटतं रस्ता मोकळा आहे, तो बोलतो, फ्रेम खराब होते, पोच येत नाही, पुन्हा पाठवा. वर अपयशं वाढली की डेटा रेट, म्हणजे पाठवण्याचा वेग, खाली येतो, म्हणजे तीच फ्रेम हवेत आणखी वेळ खाते. अर्धवट भिडणारा शेजारी हा एकाच चॅनेलवरच्या शेजाऱ्यापेक्षा वाईट, हे पुस्तकात वाचलं होतं. पटलं त्या दिवशी.

आम्ही सगळं १, ६, ११ वर आणलं. तरी मधल्या मजल्यावर त्रास राहिलाच. मी प्रत्येक मजल्याचा नकाशा वेगळा काढला होता आणि वरच्या-खालच्या एपीचा सिग्नल स्लॅबमधून येतो हे धरलंच नव्हतं. तीन चॅनेलमध्ये तीन मजले बसवणं जमेना, तेव्हा काही एपींचे २.४ चे रेडिओ सरळ बंद केले. नव्या माणसाचे हे करताना हात थरथरतात. करा. मोजून करा, पण करा.

पॉवरही उतरवली. दर ३ डीबीला पॉवर निम्मी होते, हे गणित तोंडपाठ असू द्या. एपी मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनला एपी छान ऐकू येतो, एपीला फोन ऐकू येत नाही. शिवाय एपी बदलायचा की नाही हे फोन ठरवतो, आणि लांबच्या एपीचा सिग्नल दणदणीत असेल तर तो त्यालाच चिकटून बसतो.

आणखी एक गळती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी एपी सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' असा छोटा संदेश पाठवतो, आणि तोही सर्वांत कमी बेसिक रेटने, म्हणजे सगळ्यांना समजायलाच हवा अशा सर्वांत हळू वेगाने. १ एमबीपीएसवर २५० बाइटच्या बीकनला २ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. आमच्याकडे पाच नावं होती. गुणाकार करून पाहा: एका एपीचे नुसते बीकनच दहातला एक हिस्सा वेळ खातात, आणि त्याच चॅनेलवर तीन एपी ऐकू येत असतील तर तिप्पट. नावं दोनवर आणली, जुने रेट बंद केले.

५ गिगाहर्ट्झवर चॅनेल भरपूर आहेत, म्हणून ८० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवायचा मोह होतो. पण त्यात २० चे चार चॅनेल एका एपीत जातात. गर्दीच्या इमारतीत मी २० नाहीतर ४० च ठेवतो. रडारशी वाटून घ्यायचे डीएफएस चॅनेल वापरा, फक्त लक्षात असू द्या की ते सुरू करण्याआधी एपीला किमान एक मिनिट ऐकत बसावं लागतं, आणि रडार दिसलं की लगेच चॅनेल सोडावा लागतो.

अभ्यासासाठी सीडब्ल्यूएनए या वायफायच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यासक्रम चांगला आहे, पाया पक्का होतो. त्याच्या जोडीला घरचाच एक एपी घ्या आणि चॅनेल बदलत रिट्राय आणि चॅनेल युटिलायझेशन (चॅनेल किती वेळ व्यापलेला असतो ते) वहीत लिहा. मोजमाप गर्दीच्या वेळी घ्या. रिकाम्या इमारतीत सगळंच नेटवर्क चांगलं चालतं. त्या ऑफिसचं शेवटचं मोजमाप आम्ही एका सोमवारी सकाळी अकराला घेतलं, मधल्या मजल्यावर, सगळ्या मीटिंग रूम भरलेल्या असताना. २.४ वर बोलणारे एपी आधीपेक्षा चार कमी होते, आणि कॉल तुटत नव्हते.