किल्ली देण्याआधी मीटर वाचा

घर विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची बिलांवरची भांडणं मी बिलिंगच्या खिडकीमागे बसून वर्षानुवर्षं ऐकली. बहुतेकांचं मूळ एकच: ताबा दिला त्या दिवशीचं रीडिंग कोणी टिपलेलंच नसतं. करार कधी झाला, पैसे कधी पोचले, याच्याशी मीटरला देणंघेणं नाही. किल्ली दिली तो दिवस हिशेबाला धरायचा आणि तसं करारातच लिहून घ्यायचं.

ताब्याच्या दोन-तीन आठवडे आधी वीज, पाणी, गॅस सगळीकडे कळवा. बोलताना जपून. ‘कनेक्शन बंद करा’ म्हणालात, तर खरंच तोडून जातील आणि नवा मालक अंधारात बसेल. ‘माझ्या नावाचं अंतिम बिल काढा, कनेक्शन नव्या मालकाच्या नावावर करायचंय’ असं सांगा. इंटरनेटचं उलट. ते बंदच करा, राउटर परत द्या, पोच घ्या.

ताब्याच्या दिवशी खरेदीदाराला घेऊन मीटरपाशी जा. फोटोत आकड्यांबरोबर मीटरचा नंबरही आला पाहिजे; नुसते आकडे काय, शेजाऱ्याच्या मीटरचेही असू शकतात. डिजिटल वीजमीटरवर तारीख, व्होल्टेज असं एकामागून एक येत राहतं. ‘केडब्ल्यूएच’ (kWh, म्हणजे वापरलेले युनिट) दिसेपर्यंत थांबा. सोलर असेल तर घेतलेली वीज आणि परत दिलेली वीज, दोन्ही आकडे टिपा. पाण्याचं मीटर घनमीटरचं असेल, तर एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. सगळे नळ बंद असूनही चक्री फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. आधी फ्लशची टाकी बघा.

समजा मागच्या बिलावर रीडिंग 4,312 आहे आणि ताब्याच्या दिवशी 4,387. म्हणजे 75 युनिट तुमचे. 30 दिवसांच्या बिलातले 12 दिवस तुमचे असतील, तर स्थिर आकारही (वापर कितीही असो, बिलात लागणारी ठरलेली रक्कम) त्याच हिशेबाने वाटून घ्या. पण मागचं बिल सरासरीचं असेल तर तो 4,312 हा आकडाच अंदाजाचा! आधी प्रत्यक्ष रीडिंग घ्यायला लावून बिल दुरुस्त करून घ्या, मग वजाबाकी.

पाण्याची थकबाकी बऱ्याच ठिकाणी माणसाच्या नाही, मिळकतीच्या मागे लागते. त्यामुळे खरेदीदाराने थोडी रक्कम रोखून ठेवली तर रागावू नका. अंतिम बिलाची पावती दाखवल्यावर ती किती दिवसांत मिळेल, एवढं लेखी ठरवा.

कनेक्शन घेताना भरलेली अनामत रक्कम मागितल्याशिवाय बहुधा हलत नाही. नवा पत्ता आणि बँक खातं अर्जात द्या. ती खरेदीदाराच्या नावावर वर्ग होणार असेल तर तेवढे पैसे त्याच्याकडून घ्या. ऑटो-पे अंतिम बिल भरलं गेल्यावर लगेच बंद करा, आणि जुनी बिलं त्याआधीच डाउनलोड करून ठेवा. खातं बंद झाल्यावर लॉगिन चालेलच असं नाही.