अल्जेब्राचं उत्तर स्वतःच तपासायची ट्रिक

ऑनलाईन कोर्समधे सर सोडवतात तेव्हा सगळं कळतं, वही उघडली की गाडी अडते. फोंडा-पणजी बसमधे माझं रोज हेच व्हायचं.

१. विस्ताराचं गणित आलं की व्हिडिओ पॉज, आधी स्वतः सोडवा.
२. उत्तर बघायच्या आधी एक्सच्या जागी ३ घाला. समजा (एक्स+४)² चं एक्स²+१६ केलंत (मी केलंय, लाज कसली) तर मुळात येतात ४९ आणि तुमच्या उत्तरात २५, म्हणजे मधला ८एक्स खाल्लात.
३. मग प्रत्येक ओळीत ३ घालत जा, जिथे आकडा बदलला तिथेच घोळ.

फक्त ० घेऊ नका, वरची चूक १६ ला १६ म्हणून आरामात पास होते. आणि एकदा जुळलं तरी दुसरा आकडा घालून बघाच.