रेल्वेच्या खिळ्यांपासून खुंट्या घडवताय? या चुका टाळा

आमच्या दाराशेजारी पावसाळ्यात चार छत्र्या, दोन रेनकोट आणि दुधाची किटली एकाच खुंटीला लटकलेली असते. रेल्वेच्या खिळ्यातून मी घडवलेली ती सातवी खुंटी. आधीच्या सहांपैकी दोन मोडल्या, एक तिरकी वळली, एक भिंतीला टेकेचना, एक पहिल्याच पावसात तांबूस झाली आणि एक मी चहाच्या नादात भट्टीतच जाळली. गल्लीच्या टोकाला भाता चालवणाऱ्या मामांपुढे मी ती सगळी रास ओतली. त्यांनी एकेक उचलून पाहिली आणि म्हणाले, "लोखंडाचं काय चुकल्यालं नाही गा. तू रंग बघत न्हाईस."

रंगाकडे येतोच, पण त्याच्याही आधी एक चूक होते आणि ती सगळ्यात महाग पडते.

बिलाशिवाय माल उचलू नका

रुळाकडेला पडलेला खिळा किंवा क्लिप बेवारस नसते, रेल्वेची मालमत्ता असते. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६ सालचा आहे. चोरीचा संशय येईल असा रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला, तर तो रीतसर आला हे तुम्हालाच दाखवावं लागतं. दाखवता आलं नाही, तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि रुळावरून काही काढणं तर थेट गाडीतल्या माणसांच्या जिवाशी खेळणं झालं, त्यावर वेगळं बोलायला नको.

रेल्वे आपलं भंगार लिलावाने विकते. तो माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून पक्कं बिल घेऊन खिळे आणा आणि बिल जपून ठेवा. "शेठ, बिलाचं काय करताय, चार तर खिळे" असं म्हणणाऱ्या दुकानातून मी तरी आता काही घेत नाही. बिलाचा माल मिळालाच नाही, तर लोखंडाच्या दुकानातून १६ मिलीमीटरचा चौरस बार आणा. खिळ्याची जाडीही साधारण तेवढीच असते. डोकं सोडलं तर सगळं काम त्या बारवर शिकता येतं, आणि पहिल्या चार खुंट्या बारच्याच करा असं मी आग्रहाने सांगेन.

खिळा म्हणून क्लिप, क्लिप म्हणून खिळा

माझ्या मोडलेल्या दोन्ही खुंट्या इथे चुकल्या. खिळा, म्हणजे डॉग स्पाइक, लाकडी स्लीपरमध्ये, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ओंडक्यात, ठोकला जायचा. त्याच्या डोक्याला पुढे ओठ असतो, तो रुळाच्या पायावर बसतो. दोन्ही बाजूंना कानासारखे उंचवटे असतात, खिळा पहारीने उपटताना त्यांचाच आधार. या कानांमुळे डोकं कुत्र्याच्या तोंडासारखं दिसतं, म्हणून ते नाव. आपल्याकडे अनेक मार्गांवर लोखंडी स्लीपरही होते, त्यांना हा खिळा लागत नसे. आता बहुतेक ठिकाणी सिमेंटचे स्लीपर आहेत आणि रूळ धरायला वळणदार जाड स्प्रिंगसारख्या क्लिपा. त्यामुळे भंगारात खिळ्यांपेक्षा क्लिपाच जास्त दिसतात आणि घेणारा "रेल्वेचंच लोखंड" म्हणून दोन्ही एका पोत्यात टाकतो.

पण दोन्हींची जात वेगळी. खिळा कमी कार्बनचा, मऊ. क्लिप सिलिको-मँगनीज स्प्रिंग स्टीलची, तिच्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून जास्त. खिळा लाल असताना पाण्यात बुडवला तर फारसं बिघडत नाही. क्लिप बुडवली तर ती काचेसारखी कडक होते. माझी पहिली खुंटी मी मोठ्या थाटात बादलीत बुडवली होती. "चर्र" आवाज झाला, मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी हातातून फरशीवर पडली आणि दोन तुकडे. तुटलेली कड राखाडी, दाणेदार, साखरेच्या खड्यासारखी चमकत होती.

ओळखायचं कसं? ग्राइंडरला लावून ठिणग्या बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात आणि टोकाला क्वचितच फुटतात. स्प्रिंग स्टीलच्या ठिणग्यांना जास्त फाटे फुटतात, फुलबाजीसारखे. तरी खात्री नसेल तर छोटा तुकडा लाल करून पाण्यात बुडवा आणि त्यावर कानस चालवा. कानस चावली तर मऊ, घसरली तर कडक होणारं पोलाद. अशा पोलादाची खुंटी करायला हरकत नाही, फक्त घडवून झाली की ती राखेच्या ढिगात पुरून ठेवा आणि सकाळपर्यंत विसरा.

अमेरिकी व्हिडिओंमध्ये खिळ्याच्या डोक्यावर 'एचसी' अशी अक्षरं दाखवतात. ती तिकडच्या जास्त कार्बनच्या खिळ्याची खूण. तोही कार्बन चाकूच्या पात्याला पुरेल इतका नसतो, खुंटीला मात्र उत्तम. आपल्या खिळ्यांवर ती अक्षरं शोधत बसू नका.

जाता जाता, वयाबद्दल. आमची कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ सालची, त्यामुळे "हा महाराजांच्या काळातला खिळा" असं सांगून भाव वाढवणारे भेटतात. वयाने खुंटी मजबूत होत नाही. उलट खरंच फार जुनं, घडीव लोखंड असेल तर त्याला उसाच्या कांड्यासारखे उभे धागे असतात, आणि थंडपणी ठोकलं तर ते त्या धाग्यांवरून चिरतं. असा माल हाती आला तर नेहमीपेक्षा जास्त तापवूनच ठोका.

रंग न बघता हातोडा

गुऱ्हाळावर गुळव्या थर्मामीटर लावत नाही. पाकाचा रंग आणि बुडबुडा बघून काहिल कधी उतरवायची ते तो सांगतो. लोहाराचंही तसंच.

मंद लाल, म्हणजे अंधारात जेमतेम दिसणारा रंग, हा ठोकणं थांबवायचा रंग. जास्वंदीचा लाल म्हणजे अजून थोडं तापू द्या. केशरी ते झेंडूचा पिवळा, साधारण १००० ते ११५० अंश सेल्सिअस, ही ठोकायची वेळ. पिवळ्यातून पांढऱ्याकडे जाऊन लोखंडातूनच ठिणग्या उडायला लागल्या, की ते जळतंय. मी चहाला गेलो तेव्हा हेच झालं. परत येऊन बघतो तर खिळ्याचं टोक जळक्या उदबत्तीसारखं भुसभुशीत झालेलं. जळलेलं लोखंड दुरुस्त होत नाही, तो भाग कापूनच टाकावा लागतो.

इथली सर्रास होणारी चूक म्हणजे भर दुपारी अंगणात काम. उन्हात ९०० अंशांचं लोखंडही काळपट दिसतं. मग माणूस अजून तापवतो, अजून तापवतो, आणि जाळतो. भट्टी पत्र्याच्या शेडमध्ये, सावलीत ठेवा. डोळा तयार करायला एक साधी युक्ती: तारेला चुंबक बांधून ठेवा. लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्या क्षणी त्याचा रंग कसा दिसतो ते चार वेळा पाहा. चिकटायला लागलं की हातोडा खाली ठेवा, खिळा परत कोळशात.

थंड लोखंडावर जोर काढणाऱ्याला मामा "भाकरी थापतोय जणू" म्हणतात. दोन तापांत होणारं काम लोक एका तापात उरकायला बघतात, आणि मग खिळ्याला आतून चिरा जातात ज्या दिसत नाहीत. मामा तयार खुंटी दोरीला टांगून तिच्यावर छोट्या हातोडीने टिचकी मारतात. धड खुंटी खणखणते. चिरलेली बद्द वाजते, फुटक्या मडक्यासारखी.

टोक काढताना माशाचं तोंड

खिळ्याचं टोक छिन्नीसारखं चपटं असतं. ते तसंच लांबवत गेलात तर बाहेरचा थर पुढे पळतो, आतला मागे राहतो आणि टोकाला माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच पडते. ती तशीच ठोकून बंद केली तर दुमड आत राहते, आणि पुढे वळवताना बरोबर तिथेच खुंटी फाटते.

उपाय असा की आधी टोक चौरस करा. मग अगदी टोकाचाच भाग ठोकून आखूड, बोथट निमुळतं करा आणि त्यानंतरच मागे मागे जात लांबवा. गोल हवं असेल तर थेट गोल करायला जाऊ नका. चौरसाचे चार कोपरे मारून अष्टकोन करा आणि मग हलक्या हाताने गोल. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळून गोल केलेला दांडा हातात फिरवून पाहा, कुठेतरी चपटा लागेलच. खाच पडलीच, तर लोभ न करता तेवढा तुकडा कापून टाका.

क्रम उलटा झाला की

तिरकी खुंटी आणि भिंतीला न टेकणारी खुंटी, दोन्ही क्रमाच्या चुका.

आधी टोक लांबवायचं. मग पीळ द्यायचा. मग डोक्याखालचा भाग चपटा करून स्क्रूची भोकं पाडायची. मग टोकाची छोटी गुंडी वळवायची आणि सगळ्यात शेवटी खुंटीचा मोठा बाक. मी आधी बाक दिला आणि मग पीळ द्यायला गेलो. बाक व्हाइसच्या, म्हणजे खिळा घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्याला अडला, मी जोर लावला आणि सगळं एका अंगाला गेलं.

पीळ हा या खुंटीचा खरा दागिना. तो वेडावाकडा येतो कारण ताप सारखा नसतो. जिथे जास्त लाल तिथे जास्त पीळ बसतो, आणि व्हाइस थंड असल्यामुळे तिच्याजवळचा भाग आधी निवतो, तिथे पीळ बसतच नाही. म्हणून पिळायचा भाग पूर्ण एकसारखा केशरी होऊ द्या, हव्या त्या लांबीच्या दोन्ही बाजूंना थोडं पाणी सोडून तिथला ताप मारा (स्प्रिंग स्टीलवर हे करू नका), आणि मग न थांबता फिरवा. एका दांड्याच्या पान्याने पिळलं तर खिळा केळीसारखा वाकतो. जुन्या पान्याला समोरच्या बाजूने दुसरा दांडा वेल्ड करून घेतला की दोन हातांनी सरळ फिरतो. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, हे काम कोणीही पाच मिनिटांत करून देईल. वाकलाच तर लाकडी मोगरीने सरळ करा, लोखंडी हातोड्याने पिळाच्या धारा बसतात.

पीळ पूर्ण फेऱ्यांतच थांबवा, म्हणजे डोकं आणि बाक एका रेषेत राहतात. आणि ओठ भिंतीकडे नाही, बाहेर, बाकाच्याच बाजूला. माझा ओठ भिंतीकडे होता. खुंटी वरून भिंतीला टेकायची, खालून बोटभर सुटी. दोन छत्र्या टांगल्या की डुगडुगायची.

डोक्याच्या अगदी खाली, मानेशी, वाकवू नका. स्लीपरमध्ये पाणी मुरून खिळा बहुतेकदा तिथेच खाल्लेला असतो. गंज घासून मान बोटाने चाचपून पाहा. खड्डे खोल असतील तर तो खिळा खुंटीचा नव्हेच.

काळं लोखंड

हात भाजतो तो लाल लोखंडाने नाही. लालपासून सगळेच दूर राहतात. काळं पडलेलं, पण ३०० अंशांवर असलेलं लोखंड उचलायला हात सहज जातो. खाली ठेवलेला प्रत्येक तुकडा गरम आहे असं धरून चाला आणि उचलण्याआधी उलटा पंजा जवळ नेऊन बघा. अंगात सुती कपडे घाला, टेरिकॉट चिकटतं. डोळ्यांना चष्मा हवाच. जस्ताचा मुलामा असलेलं काही, पाण्याच्या पाइपाचा तुकडा वगैरे, भट्टीत टाकू नका. त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. लाकडी स्लीपरमधून आलेल्या खिळ्यांवर डांबरासारखं तेल लागलेलं असतं. ते आधी उघड्यावर, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून जाळून टाका.

कोल्हापूरचा पाऊस आणि गंज

घडवून झाल्यावर लोखंडावर काळ्या खपल्या राहतात. त्या तशाच ठेवून वरून रंग मारला, तर खपली सुटते तेव्हा रंगही घेऊन जाते. मंद लाल असतानाच तारेचा ब्रश मारा. थंड झाल्यावर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं की राहिलेलंही निघतं, पण नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच पुसा. मी धुतलं नव्हतं. जुलैत ती खुंटी सकाळी ठेवली तर संध्याकाळी तांबूस.

शेवटचा हात मेणाचा. मधमाश्यांचं मेण आणि जवसाचं तेल चांगलं चालतं. खुंटी इतकीच गरम हवी की मेण लावताच वितळावं आणि हलका धूर यावा. भडकलं तर फार गरम, गोळा राहिला तर फार थंड. दोन हात द्या, मधे पुसा. दरवर्षी मृगाच्या आधी एकदा मेणाचं फडकं फिरवलं की पुरतं. बाहेर उघड्यावर लावणार असाल तर मात्र मेणावर विसंबू नका, तिथे रंगच द्या.

जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

भिंतीचं थोडक्यात. विटेच्या भिंतीत भोक गिलाव्यापुरतं नको, विटेत खोल जायला हवं, आणि जाड रावळप्लग घाला. जुन्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरतच नाही. तिथे सागवानी पट्टी दोन टोकांना तुळईला किंवा चौकटीला पक्की करा आणि खुंट्या त्या पट्टीवर बसवा. आमची सातवी तशीच बसवली आहे. किटली भरलेली असली तरी हलत नाही.