फिनिश शिकताना इंग्रजीचा चष्मा काढा : या चुका टाळा

आपल्याकडे फिनिश, म्हणजे फिनलंडची भाषा, शिकायला घेणारा बहुधा इंग्रजी पुस्तक किंवा ॲप उघडतो. तिथेच पहिली चूक होते. कारण बऱ्याच ठिकाणी फिनिश इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे.

'प्लीज'साठी फिनिशमध्ये ठरलेला एक शब्द नाही. तो शोधत बसू नका. विनंती क्रियापदातच असते: 'साइसिन्को काहविन?' म्हणजे 'कॉफी मिळेल का?' आपणही टपरीवर 'कृपया एक चहा' कुठे म्हणतो? 'कृपया' पाटीवर असतं, तोंडी 'मिळेल का', 'देता का' असतं. शेवटी 'कीतोस', म्हणजे धन्यवाद, म्हटलं की झालं.

विभक्तीचंही तसंच. त्या पंधरा आहेत म्हणून लोक घाबरतात. पण 'तालो' घर, 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून, यात आपल्याला नवीन काय? 'रस्ता'चा 'रस्त्या' होऊन 'रस्त्यावर' होतं, तसा 'कातु'चा 'कादु' होऊन 'कादुल्ला'. आणि 'मिनुल्ला ऑन काक्सि लास्ता' हे सरळ 'मला दोन मुलं आहेत'. इंग्रजी 'हॅव' मध्ये आणूच नका.

मराठी दगा देते ती ऱ्हस्व-दीर्घात. आपण ते लिहिताना सांभाळतो, बोलताना फारसं नाही. फिनिशमध्ये मात्र 'तुलि' आग, 'तूलि' वारा आणि 'तुल्लि' जकात (कस्टम). 'तापाऽन सिनुत हुओमेन्ना' म्हणजे 'उद्या तुला भेटतो'. यातला 'पा' आखूड झाला तर अर्थ होतो 'उद्या तुला ठार मारतो'. म्हणून वहीत देवनागरीत उच्चार लिहून पाठ करू नका, मूळ लिपीतच वाचा. तिथे लांब स्वर दोनदा लिहिलेला असतो, चुकायला वाव नाही.

'मितॅ कूलू?' हा प्रश्न शब्दशः 'काय ऐकू येतं?' असा आहे, आपल्या 'काय म्हणताय?'च्या जवळचा. पण तो दुकानात किंवा लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला टाकायचा नाही. तिथे 'मोइ' किंवा 'हेइ' पुरे. ओळखीच्याला विचारलंत तर तो खरंच सांगेल, तेव्हा थांबून ऐका. आणि बोलता बोलता समोरचा गप्प झाला तर घाईने ती पोकळी भरू नका. तो बहुतेक विचार करतोय. मध्ये तोंड घालणं तिथे गप्प बसण्यापेक्षा जास्त खटकतं.

सणांच्या तारखा नीट बघा. 'युहान्नुस' हा मध्य-उन्हाळ्याचा सण 20 ते 26 जूनमधल्या शनिवारी येतो. त्या दिवसांत शहरं ओस पडतात, लोक तळ्याकाठच्या 'मॉक्कि'वर, म्हणजे उन्हाळी घरावर जातात. कुणी बोलावलं तर जरूर जा. चादर-टॉवेल आपला न्यायचा का, ते आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी न्यावा लागतो.

तिथे साउना, म्हणजे गरम वाफ घेत बसायची खोली, असणारच. सुमारे 55 लाख लोकांच्या या देशात जवळपास 30 लाख साउना आहेत, आणि ही परंपरा 2020 साली युनेस्कोच्या यादीत गेली. इंग्रजीसारखं 'सॉना' म्हणू नका, 'साउना' म्हणा. पूर्वी घरातली बाळंतपणं इथे व्हायची, मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळही इथेच घालायचे. म्हणून इथे आवाज चढवत नाहीत. आधी अंग धुवायचं, मग बाकावर छोटा टॉवेल अंथरून बसायचं. कपड्यांशिवाय बसणं रूढ आहे, स्त्री-पुरुषांच्या पाळ्या सहसा वेगळ्या असतात. संकोच वाटला तर टॉवेल गुंडाळून बसा, घरगुती साउनात कुणी वाईट मानत नाही.

तापलेल्या दगडांच्या शेगडीला 'किउआस' म्हणतात. तिच्यावर लाकडी पळीने पाणी टाकलं की चर्र आवाज होतो आणि क्षणभराने गरम वाफेची लाट पाठीवर येते. ती वाफ म्हणजे 'लोय्ल्यु'. या शब्दाचा जुना अर्थ प्राण, श्वास. नवखे लोक हौसेने पळीमागून पळी ओततात आणि वरच्या बाकावरचे कासावीस होतात. पळी हातात घेण्याआधी विचारा: 'हेइतॅन्को लोय्ल्युॲ?', वाफ टाकू का?