कंपनीचं धोरण सुपरवायझरच्या गळी उतरवायचंय?

वरच्या मीटिंगमध्ये ठरतं, ‘यंदा निर्यात वाढवायची’. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेतल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) रात्रपाळीच्या सुपरवायझरला त्यातून काय कळणार? तो मान डोलावतो आणि कालचंच काम आज करतो.

१. धोरणाचं त्याच्या खात्यापुरतं एकच वाक्य करा, तेही आकड्यात. ‘ब्लोहोलमुळे (ओतताना वायू अडकून पडणाऱ्या पोकळ्यांमुळे) बाद होणारे नग शंभरात ६ वरून ४ वर.’

२. ‘कसं करशील?’ हे त्यालाच विचारा आणि गप्प बसा. ब्लोहोल टाळायला साच्याच्या वाळूतला ओलावा पाळीत दोनदा तपासायचा, हे त्याच्याच तोंडून आलं तर तो ते पाळतो. तुम्ही सांगितलंत तर साहेबांची आणखी एक कटकट.

३. त्याला काय लागेल तेही तिथंच विचारा. ओलावा मोजायचं यंत्र बंद पडलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करून द्या, बाकीचं नंतर.

४. फळ्यावर रोजचा आकडा त्यानंच लिहायचा, मराठी-कन्नड दोन्हीत. पाळी बदलताना पाच मिनिटं तिथंच उभ्यानं बोलायचं. चहा चालेल, पीपीटी नको.

एक सांभाळा: या आकड्याला लगेच बोनस किंवा मेमो जोडू नका. नाहीतर बाद नग फळ्यावर न येता गुपचूप पुन्हा वितळायला भट्टीत जातात.