वॉर्डात या चुका टाळा, नाहीतर औषधाला न जुमानणारा जंतू सोबत घरी येईल

आमच्या लॅबमधलं इनक्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायचं कपाट, ३७ अंशांवर असतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४४-४५ वर गेला की आम्ही म्हणतो, आपल्यापेक्षा जंतूंची सोय बरी.

परवा त्यातून एका आजोबांच्या लघवीच्या कल्चरची (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीची) प्लेट काढली. जंतूंची पांढरट साय धरलेली, वर अँटिबायोटिकच्या सहा बारीक चकत्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. इथे एकाच चकतीभोवती पडला होता. आजोबा खुब्याच्या ऑपरेशनसाठी आलेले, भरती होतानाचा लघवीचा रिपोर्ट स्वच्छ होता.

मुलगा म्हणाला, "बाबांच्या शरीराला औषधांची सवय झाली असेल." सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक हीच. सवय माणसाला होत नाही, जंतू बदलतो. कपाशीवाल्याला हे वेगळं सांगायला नको: बोंडअळीला मारणारं बीटी बियाणं तेच राहिलं आणि गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. पण अळीचा गुण फक्त तिच्या पिलांत उतरतो. जंतू तो शेजाऱ्यालाही देतात. औषध निकामी करण्याची कृती त्यांच्यात पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर लिहिलेली असते. दोन जंतू चिकटले की एक त्या कड्याची झेरॉक्स दुसऱ्याला देतो, मूळ प्रत स्वतःकडेच ठेवतो. घेणारा वेगळ्या जातीचा असला तरी बऱ्याचदा चालतं. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की हगवणीचा जंतू एकदम अनेक औषधांना दाद न देण्याचा गुण आतड्यातल्या साध्या ई. कोलायला देऊ शकतो. एकाच कड्यावर चार-पाच औषधांचे तोडगे असले, तर एक औषध दिलं तरी पाचही तोडगेवाला जंतू तगतो आणि बाकीचे मरून त्याला जागा मोकळी होते.

दवाखान्यात हे जास्त घडतं, कारण तिथे अँटिबायोटिक रोज पडतं, रुग्णांना नळ्या लावलेल्या असतात आणि एकाच्या कॉटवरून दुसऱ्याच्या कॉटवर जायला हात असतात.

हातांचंच बघा. आपल्याकडे एका पेशंटमागे चार माणसं. एक जण लघवीची पिशवी रिकामी करतो, त्याच हाताने शेजारच्या आजींना उठून बसवतो, मग भाकरीचा डबा उघडतो. माणुसकी म्हणून चांगलंच, पण जंतूची रिक्षा फुकटात झाली! अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखा जंतू कॉटच्या कोरड्या दांडीवरही कित्येक दिवस टिकतो. हात स्वच्छ दिसत असतील तर सॅनिटायझर २०-३० सेकंद चोळा, मळले असतील तर साबण-पाणी. पेशंटला जुलाब होत असतील तेव्हाही साबण-पाणीच, कारण जुलाबाच्या एका जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. हातमोजे घातले म्हणून सुटका नाही. तेच मोजे घालून तीन कॉट फिरणारे मी पाहिले आहेत, आमच्याच लाइनमधले.

पिशवी पेशंटच्या कमरेच्या वर उचलू नका, लघवी उलटी जाते. जमिनीवरही टेकवू नका. आणि "नळी अजून किती दिवस?" हे रोज विचारा. नळीच्या आत जंतू बुळबुळीत थर धरतात, त्यात औषध नीट शिरत नाही. कृतीच्या झेरॉक्स काढायलाही त्यांना तिथे निवांत जागा मिळते.

मग "पावर", म्हणजे जास्त जोरदार औषध. "डॉक्टर, पावरनी गोळी द्या ना," असं खेड्यावरून आलेला माणूस हक्काने म्हणतो. ऑपरेशनच्या वेळी संसर्ग होऊ नये म्हणून दिलेलं अँटिबायोटिक बहुतेक वेळा चीर देण्याच्या आधी तासाभरात एकदा पुरतं. तरी नातेवाईक टाके निघेपर्यंत चालू ठेवा म्हणतात, आणि काही डॉक्टर वाद नको म्हणून ठेवतातही. मला हे पटत नाही. जखमेला त्याचा उपयोग नाही, उलट आतड्यातले साधे जंतू मरतात आणि बेरके उरतात.

ताप उतरत नसेल तर औषध बदलून मागण्याआधी विचारा, कल्चर पाठवलंय का? नमुना शक्यतो पहिल्या डोसआधी घ्यायचा असतो. नंतर घेतला तर प्लेटवर बऱ्याचदा काहीच उगवत नाही आणि सगळा अंदाजाचा कारभार. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. गंभीर पेशंटला औषध थांबवून ठेवत नाहीत, पण रिपोर्ट आल्यावर ते बदलायचं की थांबवायचं हे ठरवायला लागतं. ही पायरी बरेचदा राहून जाते.

घरी उरलेली पाकिटं पुढच्या खेपेला वापरू नका. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतल्या अँटिबायोटिकांसाठी मेडिकलवाल्याला डॉक्टर आणि पेशंट यांचं नाव वहीत लिहावं लागतं. चिठ्ठीशिवाय मिळतंय म्हणजे ओळख कामाला आली, एवढंच.

आजोबांची नळी त्याच दिवशी निघाली, औषध चालणाऱ्या चकतीप्रमाणे बदललं. मुलाने शेजारच्या आजींचं कल्चर कधी पाठवणार, असं सिस्टरला विचारलं. त्यांच्या पिशवीलाही हात त्यानेच लावला होता.